चालकाचे नाव

मंगळवार, ९ जानेवारी
गदग, सकाळी आठ

तम्मा उडचप्पा,

तुझ्या अक्काचे आशीर्वाद. रागात आहे, तरी देते. घे.

तुझा फोन बंद आहे, म्हणून हा कागद कारवारच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तो बंदरावर तुझ्या त्या दोस्ताला, पुर्सोला, गाठून देईल. तू तिथेच असणार. अप्पांनी हात उगारला की तू गोठ्यात लपायचास. आता गोठा राहिला नाही, म्हणून समुद्रापर्यंत गेलास, एवढाच काय तो फरक.

काल पहाटे तू आपल्या टेम्पोत बाराशे भाकरी भरून लक्ष्मेश्वरच्या लग्नाला निघालास. "आठच्या आत पोच, मध्ये कुठेही थांबू नको," असं मी तीनदा बजावलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना ते विसरून जायला मला फार सोयीचं झालं असतं.

दहाला परत आलास. चहा घेतला नाहीस. अंगात स्वेटर नव्हता. नळी लावून चाकं धुतलीस. दसऱ्याच्या पूजेलासुद्धा गाडी माझ्याकडून धुऊन घेणारा तू! विचारलं तर म्हणालास, "कुत्रं आडवं आलं." मग "पार्ट आणायला हुबळीला जाऊन येतो" म्हणून गेलास, तो गेलासच.

तू गेल्यावर मी गाडीखाली वाकले. माझे गुडघे काय काय बोलले ते सांगत नाही. मागच्या आसाला हुलग्याचं काड दोरखंडासारखं गुंडाळलेलं होतं. त्यात एक चिंधी होती, लाल काठाची. तम्मा, कुत्री इरकली लुगडी नेसत नाहीत.

तेव्हा कळलं. या दिवसांत त्या रस्त्यावरची गावं हुलगे उपटून डांबरावरच पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांनी मळणी करून द्यायची. आपणही किती वेळा गेलोय त्यावरून. बायका कडेला उभ्या राहून ओरडतात, "सावकाश जा रे, चांगलं बारीक होऊ दे!" आणि आपण हसून हॉर्न वाजवतो. त्या काडाखाली कुणी असू शकतं, हे तुलाच काय, मलाही कधी सुचलं नव्हतं.

काल संध्याकाळी गाडीच्या खणात कागद शोधताना तुझ्या लायसनच्या वेळचं ते पातळ पुस्तक सापडलं. तू कधी उघडलेलं दिसत नाही. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. अपघात झाल्यावर चालकाने काय करायचं, त्याच्या दहा ओळी आहेत. मी बोट ठेवून ठेवून वाचल्या.

मला वाटायचं कायदा म्हणजे दरडावणी. पण पहिली ओळ पोलिसाची नाहीच रे! पहिली ओळ जखमी माणसाची आहे. त्याला जवळच्या डॉक्टरकडे ने. डॉक्टरने उपचार आधी करायचे, कागद मागाहून. पुढे काय लिहिलंय माहीत आहे? जमाव चिडला असेल, किंवा चालकाच्या हातात काही उरलं नसेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे घाबरलेल्या चालकाचासुद्धा विचार करून ठेवलाय! मग लिहिलंय, जवळच्या ठाण्यात जाऊन, फार तर चोवीस तासांत, काय झालं ते सांग. विम्याच्या माणसांना कळव.

मी पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. तवा तापून धुरायला लागला तरी उठले नाही. कुठल्याशा लांबच्या शहरात बसलेली माणसं. त्यांनी आपला हा रस्ता पाहिलेला नाही, हुलगे कसे मळतात हेही त्यांना ठाऊक नसेल. आणि त्यांनी त्या लाल काठाच्या बाईचा विचार आधीच करून ठेवला होता. तिच्या खालच्याच ओळीत तुझा. गाभाऱ्यासमोर जोडते तसे मी त्या पुस्तकासमोर हात जोडले.

चोवीस तास, माझ्या हिशोबाने, आज सकाळी साडेसहाला संपले. मी घड्याळाकडे बघत होते. तरी ये. उशिरा आलेल्या पोरालाही शाळेत बसू देतात.

तुझी अक्का,
दानव्वा

आस आता स्वच्छ आहे. त्याची काळजी करू नको.


गुरुवार, ११ जानेवारी
गदग, खानावळ बंद करून

तम्मा,

काल मी बसने त्या रस्त्याला गेले. कडलीकोप्पच्या पुढे-मागे कुठे हुलगे पसरलेले दिसले नाहीत, त्या एकाच गावात दिसले. तिथे उतरले आणि हुलगे विकत घ्यायला आलेय असं सांगितलं. खोटं बोलले. एका घरात दोन खोटी माणसं झाली.

रस्त्यावर काड उलटवणाऱ्या बायकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "परवा इथे काही अपघात झाला म्हणे?"

"अपघात? इथे?" एक म्हणाली. "अक्का, बसमध्ये झोप लागली होती का? स्वप्न पडलं असेल."

"या वर्षी इथे कुत्रंसुद्धा मेलं नाही," दुसरी म्हणाली. कुत्र्याचं नाव काढताच माझा चेहरा कसा झाला असेल!

तिसरी कंबरेवर हात ठेवून उभी. "हुलगे पाहिजेत तर हुलगे घ्या. चौकश्यांचा बाजार इथे भरत नाही."

मी परत फिरणार होते. बरं वाटत होतं, खरं सांगते. वाटलं, कुणी नाहीच सांगत तर काही झालंच नसेल. तेवढ्यात एका अंगणात दोरीवर तुझा निळा स्वेटर वाळत घातलेला दिसला. उजव्या कोपराला मी लावलेलं हिरवं ठिगळ. निळी लोकर संपली होती तेव्हाचं.

पाणी मागायचं निमित्त करून आत गेले. खाटेवर एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची. डाव्या पायाला गुडघ्याखाली बांबूच्या कामट्या बांधलेल्या, हाडं बसवणाऱ्या वैद्याने. बोटं काळीनिळी. दात एकही नाही, पण जीभ विळ्यासारखी. नाव फकीरव्वा.

"पाणी प्यायला आलीस की पाय बघायला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "दोन्ही, अव्वा."

"तुझ्या हातांना पिठाचा वास येतोय. भाकरीचा धंदा?"

मी मान हलवली. ती छताकडे बघत बोलायला लागली. त्या सकाळी वारं बोचरं होतं. राखण करायला बसली आणि उबेसाठी काडात शिरली. डोळा लागला. "जाग आली ती पायाने. आणि मग काय सांगू, गरम भाकरीचा वास! मी म्हटलं, मेले बहुतेक, आणि वर पंगत बसलीय."

हसली. अशा पायाने हसली, तम्मा.

मग तिने जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. "गाडी थांबली. एक माणूस पळत आला. हातांनी काड बाजूला केलं. 'अव्वा, आहेस ना? आहेस ना?' म्हणून रडायला लागला. स्वेटर काढून डोक्याखाली दिला. मला उचलून गाडीत घालणार होता. तेवढ्यात आमचे लोक आले. तो बिचारा हात जोडून म्हणतोय, दवाखान्यात नेतो, दवाखान्यात नेतो. आणि आमचे म्हणतायत, जा, नीघ इथून, पुन्हा या रस्त्याला दिसू नको!"

तुला मारायला आले नव्हते ते. स्वतःच घाबरले होते. मागच्या वर्षी याच काडावरून एक मोटारसायकलवाला घसरला, तेव्हा पोलिसांनी गावात दवंडी दिली होती: पुन्हा रस्त्यावर पीक पसरलं तर ज्याचं पीक त्याच्यावर खटला. आणि हे हुलगे होते तिच्याच मुलाचे, मैलारप्पाचे. दवाखान्यात नेलं की पोलीस येणार. म्हणून आई घरात आणि वैद्य मागच्या दाराने.

तू थांबला होतास. हे तू मला का नाही सांगितलंस? मी दोन दिवस तुला मनात काय काय बोलले, आणि तू थांबला होतास. मी बजावलं होतं थांबू नको, तरी थांबलास. परतीच्या बसमध्ये मी तोंडाला पदर लावून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं मला बस लागते. तिने लिंबू दिलं.

पण तम्मा, त्या पुस्तकातलं पहिलं तू करू पाहिलंस, ते तुला करू दिलं नाही. दुसरं कुणी अडवलं होतं? ठाण्याच्या दाराशी कडलीकोप्पचे लोक उभे नव्हते. तिथे जाऊन "एक म्हातारी पडली आहे" एवढं सांगितलं असतंस, तर ती काल त्या खाटेवर नसती.

मी तिथेच "गाडी माझी" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. दोन शेर हुलगे घेतले आणि आले.

तुझी अक्का


शनिवार, १३ जानेवारी
गदग

तम्मा,

आज पत्र लांब होईल. बसून वाच. पुर्सोला म्हणावं, थोडा वेळ माणसाला कामाला लावू नको.

काल आपल्या शेजारच्या मौलासाबला टेम्पो चालवायला घेतलं आणि कडलीकोप्पला गेले. मौलासाब वाटेत म्हणाला, "अक्का, तिथे मार पडला तर पहिला मला पडेल, हे धरून चाललीयेस ना?" मी म्हटलं, "तू पळ. कायद्यात तशी सोय आहे."

गावाच्या कट्ट्यापाशी गाडी लावली. वीसेक माणसं होती. मी म्हटलं, "ही ती गाडी. माझ्या नावावर आहे. चालवणारा माझा भाऊ. फकीरव्वाला दवाखान्यात न्यायला आलेय, आणि तिथून मी ठाण्यात जाणार आहे."

मग मैलारप्पा पुढे आला. पस्तिशीचा, डोळे लाल. "मोठी आलीय हरिश्चंद्राची बहीण! भाऊ पळाला, आता बहीण गावाला तुरुंगात घालणार!"

"भावाचं आणि माझं मी सांगणार," मी म्हटलं. "तुझ्या काडाचं तू बघ. मला कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही, एवढंच."

"माझी आई आहे ती! न्यायची की नाही ते मी ठरवणार."

तेवढ्यात घरातून आवाज आला. घर कट्ट्याला लागूनच आहे. "मैलारा! पाय कुणाचा आहे रे? तुझा की माझा?"

तो दाराकडे वळला.

"त्या भाकरीवाल्या अक्काला म्हणावं, ठाण्यात हेही लिही की म्हातारी रस्त्यात झोपली होती. झोपायची जागा नव्हती ती. माझंही नाव घाला म्हणावं. सत्तर वर्षांत माझं नाव कुणी कुठे लिहिलेलं नाही, निदान पोलिसांच्या वहीत तरी येऊ दे!"

तम्मा, मैलारप्पा तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आणि पुढे जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गावाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर काडाचे थर होते, कोसभर तरी. त्यावरून गाडी गेली असती तर दर हाताला हिसका, आणि तिचा तो पाय. कुणी हुकूम दिला नाही. एक बाई उठली आणि पदर खोचून काड ओढायला लागली. कंबरेवर हात ठेवून मला उडवून लावणारी तीच. मग दुसरी. मग पुरुष, दाताळी घेऊन. मग घराघरातून खराटे. बघता बघता सगळं गाव रस्त्यावर. ज्या काडासाठी ते आईला लपवत होते, तेच काड ते हाताने शेतात फेकत होते. वर्षाचं पीक, दाणे मातीत चाललेले, कुणी वाकून बघेना. आम्ही खाट टेम्पोत चढवली तेव्हा समोर काळाभोर रस्ता उघडा पडला होता, आणि गाडीच्या पुढे पुढे दोन रांगांत बायका झाडत चालल्या होत्या. एक दाणा चाकाखाली येऊ नये म्हणून. मौलासाब पहिल्या गियरच्या वर गेला नाही. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. खाटेवरून फकीरव्वा म्हणाली, "लग्नातसुद्धा माझी अशी वरात नव्हती."

मी आयुष्यात देव बघितला नाही. पण तो कसा चालत येत असेल, याचा आता अंदाज आहे.

दवाखान्यात डॉक्टरने आधी पाय हातात घेतला, मग नाव विचारलं. अगदी पुस्तकात लिहिलंय त्याच क्रमाने! मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तो म्हणाला, आणखी दोन दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता. आता वाचेल. लंगडेल, पण तिचाच राहील.

मग ठाणं. फौजदार एक तरुण बाई आहे, कोलारकडची. मी सगळं सांगितलं. ती पेन हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिली. "अक्का, खोटं बोलायला येणारी माणसं मी रोज बघते. स्वतःहून खरं सांगायला आलं कुणी, की मलाच फॉर्म सापडत नाही."

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, आस स्वच्छ आहे. मीच केला. काड आणि ती चिंधी काढून चुलीत घातली. त्याच जाळावर तीस भाकरी भाजल्या. तू चाकं धुतलीस आणि मी चिंधी जाळली; आपण एकाच आईची मुलं. हे फौजदारबाईलाही सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. माझं काय व्हायचं ते होईल.

आणि मग तिने एक कागद समोर ठेवला. गाडीच्या मालकाने पोलिसांना सांगावंच लागतं की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं. नाव आणि पत्ता. हेही त्या पुस्तकात आहे, मागच्या पानावर. मी ते पान वाचलं नव्हतं. एक रिकामी ओळ, वर छापलेलं: चालकाचे नाव.

भाऊ म्हणून तोंडाने बोलले होते, पण नाव उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, मला वेळ द्या. तो स्वतः येईल."

"आला तर त्याच्यासाठी बरंच," ती म्हणाली. "संक्रांत होऊ दे. मंगळवारी दुपारपर्यंत. त्यानंतर मात्र मला तुमच्या हातचं पाहिजे, अक्का."

तुला आठवतं? तू दुसरीत होतास, मी अठरा वर्षांची, काठवटीशी बसलेली. तू पिठात बोटाने तुझं नाव काढलंस. मी ते बघितलं आणि त्याच पिठाची भाकरी थापली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलंस. पंधरा दिवसांनी मी माझ्या बोटाने काढलं आणि तू घरभर नाचलास. तेवढं एकच नाव तू मला शिकवलंस. बाकीची अक्षरं मी दुकानांच्या पाट्या आणि बसच्या फळ्या वाचत गोळा केली. मला येणारा पहिला शब्द उडचप्पा आहे.

तो शब्द त्या ओळीवर मला लिहायला लावू नको. पण नाही आलास तर मी लिहीन. हे धमकी म्हणून सांगत नाही. आधी कळवलेलं बरं, एवढंच.

तुझी अक्का


बुधवार, १७ जानेवारी
दवाखाना, खालच्या मजल्यावरचं बाकडं

तम्मा,

तू वर तिसऱ्या खाटेपाशी बसला आहेस आणि मी खाली. मधे एकोणीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या. तरी पत्र लिहिते आहे, कारण तू माझ्याशी बोलत नाहीस. आठवडाभर लिहून लिहून सवयही लागली.

फकीरव्वाने सांगितलं मला. "तुझा भाऊ रुसलाय. म्हणतो, अक्का माझं नाव देणार होती." वर हेही म्हणाली, "मी त्याला सांगितलं, तुझ्या अक्काने गाव झाडायला लावलं, तुला काय सोडणार होती!"

काल दुपारी मी तो कागद घेऊन ठाण्यात गेले. फौजदारबाईने नोंदवही माझ्याकडे फिरवली. वरच्या ओळीत मैलारप्पाची सही होती, रस्त्यावर पीक पसरल्याची कबुली. त्याच्याखाली गावातल्या आणखी अकरा जणांच्या. कुणी अंगठा, कुणी सही. आणि सगळ्यांच्या खाली तुझं नाव. उ चं शेपूट तसंच लांब. मी वाचलं, पुन्हा वाचलं. वहीवर टिपं पडू नयेत म्हणून मागे सरकले.

बाई म्हणाल्या, "सकाळी आला. बसमधून उतरून आधी दवाखान्यात गेला, मग इथे. जामीन इथेच दिला. चोवीस तासांऐवजी आठ दिवस लागले, ते न्यायाधीशांना सांगावं लागेल त्याला." आणि मग हळूच, "तुम्ही लिहून आणला होतात का, अक्का?"

आता तिला काय उत्तर दिलं ते तुलाही सांगते, कारण या घरात आता लपवायचं नाही.

होय. आणला होता. संक्रांतीच्या सकाळी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापून झाल्या. हात धुतले. मग काठवटीतल्या उरलेल्या पिठात आधी दोनदा गिरवलं आणि नंतर कागदावर लिहिलं. पूर्ण. पत्त्यासकट. तू आला नसतास तर ते आज ठाण्यात असतं. तू रुसला आहेस ते बरोबर आहे. ज्या गोष्टीसाठी रुसला आहेस ती मी केलेली आहे.

बाईंनी तो कागद परत दिला. म्हणाल्या, आता गरज नाही. तो या पत्रात घडी घालून ठेवते आहे. फाडायचा तर फाड. पण त्याआधी एकदा बघ. बत्तीस वर्षं झाली तू शिकवल्याला, आणि इतकं चांगलं ते मला कधीच आलं नव्हतं.

डबा पाठवते आहे. सहा भाकरी, शेंगांची चटणी, आणि त्याच दोन शेर हुलग्यांची आमटी. चार भाकरी अव्वाच्या, कालवून दे, दात नाहीत तिला. दोन तुझ्या. गरम आहेत, तिला वास आधी घेऊ दे, आणि सांग की या वेळी कुणी मेलेलं नाही.

जेवण झालं की खाली ये. नाहीतर मी वर येते. पण एकोणीस पायऱ्या आहेत, आणि माझे गुडघे तुझ्यासारखे मुके नाहीत.

तुझी अक्का,
दानव्वा